इंचाला सव्वा तास

शिंप्याच्या टेपने पृथ्वी मोजणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. कडावला आमच्या शाळेच्या फाटकासमोर त्यांचं दुकान होतं. एक शिलाई मशीन, एक कापायचं टेबल आणि भिंतीवर दोन घड्याळं. गाव त्यांना मास्तर म्हणायचं. शाळेत आम्ही आठजण शिकवायला होतो, तरी ‘मास्तर कुठायत?’ असं कुणी विचारलं की ते त्यांनाच शोधतायत हे सगळ्यांना कळायचं. आमच्या मुख्याध्यापकांना याचा मनापासून राग होता.

मी त्या शाळेत भूगोल शिकवायला लागले त्याच वर्षी एकदा मधल्या सुट्टीत ते दारात येऊन उभे राहिले. गळ्यात इंची टेप, कानावर खडू. म्हणाले, “बाई, ती गोल पृथ्वी जरा देता का? पाच मिंटांत आणून देतो.” शाळेची वस्तू बाहेर देता येत नाही, काय करायचं ते इथेच करा, असं मी सांगितलं. तेव्हा माझा स्वभाव आत्तापेक्षाही कडक होता. त्यांनी टेप काढली आणि गिऱ्हाइकाची कंबर मोजावी तशी पृथ्वीच्या पोटाभोवती फिरवली. “एक मीटर पुरा. आन् खरी केवढी हाय?” मी म्हटलं, चाळीस हजार किलोमीटर. ते टेपकडे बघत थोडा वेळ पुटपुटले. “म्हंजी इंचाला हजार.” मी दुरुस्ती केली, एक हजार सोळा. “सोळा सोडा, बाई. ते शिलाईत जातात.”

मग त्यांनी दुबई ते मुंबई मोजलं. दोन इंचांना जरा कमी. लंडन सात इंच. दुबईचं विमान तीन तास घेतं आणि लंडनचं नऊ-सव्वानऊ, हे त्यांना आल्यागेल्याकडून माहीत होतं. त्यावरून त्यांनी तिथल्या तिथे सूत्र काढलं. इंचाला सव्वा तास, वर चढ-उताराचा अर्धा तास. नकाशाचं प्रमाण शिकवायला मला तीन तास लागत आणि तरी निम्म्या वर्गाला ते कळत नसे. सातवी शिकलेल्या या माणसाने ते सुट्टीची घंटा व्हायच्या आत उरकलं म्हणून मला कौतुकाऐवजी चीडच आली, हे कबूल करते.

त्यांना हे कशाला लागत होतं ते मला नंतर कळलं. कर्जत-खालापूरकडची मास्तरांसारखी मुसलमान घरं मूळची किनाऱ्यावरची. घरटी एक तरी माणूस आखातात. घरात कुणी गेलं की माती लवकर द्यायची, शक्यतो त्याच दिवशी. पण मुलगा दुबईत असेल तर? तो पोचेपर्यंत थांबायचं की नाही आणि थांबायचं तर किती, हे दर वेळी कुणीतरी ठरवावं लागे. कफनाचं कापड मोजून फाडायला लोक मास्तरांकडे येतच. त्यात शिवणकाम जवळजवळ नसतं, पण माप लागतं. कापड फाडता फाडता मास्तर विचारायचे, “भायेर कोन हाय? कुटं हाय?” आणि पावतीपुस्तकाच्या पाठीवर तास मांडायचे. मौलानासुद्धा नमाजाची वेळ पुकारण्याआधी त्यांना विचारून घ्यायचे.

त्यांचं पहिलं सांगणं असं, की विमान उतरलं म्हणजे माणूस पोचला नाही. पासपोर्टची रांग, सामानाचा पट्टा, पनवेलची गर्दी, मग चौकला गाडी अडणार, मग कर्जत, मग कडाव. त्याचे ते चार तास धरायचे. शिवणीत जादा कापड सोडतात तसे सोडायचे, म्हणजे पुढे उसवून सैल करता येतं. स्वतः मास्तर विमानात कधी बसले नव्हते. विमानतळही त्यांनी पाहिला तो काचेच्या बाहेरून, मेहुण्याला सोडायला गेले होते तेव्हा.

दुसरं सांगणं, तिकिटावरच्या पोचायच्या वेळेकडे बघू नका. कारण ती इथली असते आणि निघायची वेळ तिथली. खालापूरच्या एका घरी लोकांनी तिकिटावरचे दोन आकडे वजा करून दुबईचं विमान साडेचार तास घेतं असा शोध लावला होता. मास्तर त्यांना म्हणाले, “आरं, दीड तास घड्याळाचा फरक हाय, तो तू इमानाच्या डोक्यावर घातलास. तिकडचं घड्याळ मागं. त्यांनी काय टाइम सांगितला की दीड तास मिळवायचा, मग इंच मोजायचे. तिकीट खिशात ठेव.” भिंतीवरचं दुसरं घड्याळ याच कामासाठी होतं. ते कायम दीड तास मागे चालायचं आणि नवीन गिऱ्हाइकं त्याच्याकडे बघून हमखास लोकल चुकवायची.

तिसरा होता नियम. तो मास्तरांनी मौलानांना विचारून घातला होता. दुसऱ्या दिवशीच्या असरपर्यंत, म्हणजे दुपार उतरतानाच्या नमाजापर्यंत, माणूस पोचत असेल तर थांबायचं. त्यापुढे नाही. हमीदाबीचा नवरा गेला तेव्हा तिचा मुलगा कॅनडात होता. मास्तरांनी दोनदा मोजलं, मुलगा असरनंतर तीन तासांनी पोचत होता. हमीदाबीने दुकानाच्या पायरीवर बसून हात जोडले. “तीन तास, मास्तर. तीन तासांनी काय होतं?” मास्तर टेप गुंडाळत राहिले. “आज तुला तीन दिले तर उद्या दुसरीला सा द्यायला लागतील गं. मय्यत ताटकळत ठेवायची नाय.” मुलगा आला तो थेट कब्रस्तानात गेला. हमीदाबी वर्षभर मास्तरांशी बोलली नाही आणि मास्तरांनीही तिला समजवायला म्हणून कधी गाठलं नाही. मला तो माणूस त्या दिवशी दगड वाटला होता.

एरवी दगड अजिबात नव्हते. ठाकूरवाडीकडची एक ठाकर बाई बाजारच्या दिवशी रानभाजी घेऊन त्यांच्या पायरीवर बसायची. वरून विमान गेलं की मान वर करून विचारायची, “मास्तर, ह्ये कुटं चाल्लं?” मास्तर मशीन न थांबवता सांगायचे, “दोन इंचवालं हाय. मावशी, जायचं का?” ती म्हणायची, “भाजी कोन इकील रं?” दर आठवड्याला हाच संवाद आणि दर आठवड्याला दोघंही नव्याने हसायची. मास्तरांची बायको, जिला सगळा गाव चाची म्हणायचा, घरातून ओरडायची, “त्या बाईला च्या देशील का नुस्तं इमानच दाखवशील?” चाची माझ्यासाठी सांदणं करून ठेवायची. माझा डबा भिसेगावहून सकाळी भरलेला, दुपारपर्यंत गार व्हायचा. ती तो हिसकावून घ्यायची आणि आपलं ताट पुढे करायची. अशी बारा वर्षं मी त्या घरी जेवले.

त्यांची एकुलती मुलगी शबाना. माझी विद्यार्थिनी, हुशार आणि भांडखोर. लग्नानंतर ती ऑकलंडला गेली, तिथे एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत लागली. जायच्या आधी मास्तर पुन्हा पृथ्वी मागायला आले. या वेळी मी ती दुकानात नेऊ दिली. कडाव ते ऑकलंड टेप लावली तर बारा इंच. सूत्राने साडेपंधरा तास आणि मध्ये विमान बदलायचं, म्हणून वीस धरले. मी त्यांना म्हटलं, मास्तर, इतके दिवस तुमची सगळी माणसं पश्चिमेला होती. आता उलटं. तिथे आपल्या आधी दिवस उगवतो, साडेसात तास आधी. तिचं घड्याळ पुढे, त्यातून वजा करायचं. मास्तर खूश झाले. “म्हंजी माजी पोरगी उद्यात ऱ्हायला गेली!” हे वाक्य त्यांनी पुढे महिनाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं. तिसरं घड्याळ लावा असंही मी सुचवलं होतं. भिंतीवर जागा नाही म्हणाले. एका माणसाचं तर लक्षात ठेवायचं, त्याला घड्याळ कशाला.

चाची गेली ती डिसेंबरमधल्या एका गुरुवारी, सकाळी नऊच्या सुमारास. दोन दिवसांचा ताप, तिसऱ्या दिवशी दम लागला आणि दवाखान्यात न्यायला गाडी येईपर्यंत संपलं. शाळेत निरोप आला तशी मी गेले. अंगणात माणसं जमली होती. मास्तर खाटेवर बसले होते, गळ्यात टेप. चाचीचं कफन त्यांनी स्वतः फाडलं होतं. बायकांच्या कफनाचे पाच तुकडे असतात, ते पाचही घडी करून त्यांच्या शेजारी ठेवले होते.

शबानाला त्या रात्री अकराच्या विमानात जागा मिळाली होती. तिने फोनवर तेवढंच सांगितलं आणि तिकिटाचा फोटो पाठवला. मास्तरांनी फोटोतून निघायची वेळ तेवढी घेतली, पोचायच्या वेळेकडे बघितलं नाही. ती त्यांची जन्माची शिस्त होती. मग पावतीच्या पाठीवर मांडलं आणि कागद माझ्यापुढे धरला. “बाई, बगा. बरोबर हाय ना?”

मी दारातून आत बघत होते. आत चाचीचे पाय दिसत होते, टाचांना मेंदी होती. मी म्हटलं, “बरोबर आहे.”

कागदावर होतं: रात्री ११ अधिक साडेसात, सकाळी साडेसहा. अधिक वीस, रात्री अडीच. अधिक चार, शनिवार सकाळ साडेसहा. असर शुक्रवारची. म्हणजे थांबायचं नाही. मौलाना म्हणाले, मास्तर, तुमची एकच मुलगी आहे, बघू या काही. तिथे बायकांमध्ये हमीदाबी बसली होती. मास्तरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “नियम माजा हाय. माज्याच घरी मोडायचा व्हय?” चाचीचा भाऊ सलीमभाई दुबईहून शुक्रवारी पहाटे पोचत होता, तो बरोबर पोचलाही. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर चाचीला माती दिली.

माणसं कब्रस्तानातून परत येऊन बसली होती. साडेतीनला दारात गाडी थांबली आणि शबाना उतरली.

तिने अंगणातली जनाज्याची रिकामी खाट बघितली. रडली नाही. सरळ मास्तरांपुढे येऊन उभी राहिली. “अब्बा, असरला तर अजून तास हाय. मी नियमात होते ना?” वाटेत तिने पुन्हा फोन का केला नाही ते आम्हाला तेव्हा कळलं. ती निर्धास्त होती. नियम तिला लहानपणापासून पाठ होता, तिने स्वतः तास मोजले होते आणि ती त्यात बसत होती.

मास्तरांनी खिशातला कागद काढला. अधिकच्या चिन्हावर त्यांचं बोट थांबलं तेव्हा मलाही ते दिसलं. साडेसात तास वजा करायचे, ते त्यांनी मिळवले होते. इतकी वर्षं ते मिळवतच आले होते. खरी बेरीज शुक्रवारी दुपारी साडेतीनची होती, आणि मुलगी साडेतीनला समोर उभी होती. कुणीतरी म्हातारा म्हणाला, “अल्लाची मर्जी, बेटी.” मास्तर ताडकन म्हणाले, “अल्लाच्या नावावर घालू नका. मोजलं मी. उलटं मोजलं.”

तीस मुलांच्या वर्गात रेखांश शिकवणारी, पूर्वेला घड्याळ पुढे हे फळ्यावर लिहून लिहून खडू झिजवणारी मी तिथे उभी होते. माझ्याकडून पुढे होऊन एक वाक्य बोलवलं नाही, की हा कागद तपासायला माझ्यापुढे धरला होता आणि मी न बघताच बरोबर म्हटलं होतं. मला त्याची आजही लाज वाटते.

शबानाने पुढे होऊन मास्तरांच्या गळ्यातली टेप काढली. गुरुवारपासून ती तशीच होती. तिने ती नीट गुंडाळली आणि आत नेऊन मशीनवर ठेवली. पंधरा दिवस राहून ती परत गेली. बापलेकीचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, विचारायचं धाडस माझ्यात नव्हतं.

मास्तर आता हे काम सोडतील असं गावाला वाटलं. त्यांनी सोडलं नाही, पण त्यांचे रिवाज बदलले. कफनाला आणि वेळ विचारायला कुणी आलं की आधी सांगायचे, “मी एकदा चुकलोय. माज्या बायकोच्या टायमाला. ह्ये ऐकून घे, मंग इचार.” समोरचा ओशाळायचा, पण ते सांगितल्याशिवाय पुढे जात नसत. तिकिटावरची पोचायची वेळही बघायला लागले. मशीनच्या वर, कॅलेंडर काढून, तिसरं घड्याळ लागलं. एकदा भर उन्हाळ्यात स्टुलावर चढून ते त्याचा काटा हलवताना दिसले. शबानाने फोनवर सांगितलं होतं, त्यांच्या थंडीत फरक साडेसहाचा होतो. आणि हिशेबाच्या कागदाखाली त्यांनी एक नवीन ओळ घातली: ‘तपासणार’. तिच्यापुढे माझी सही लागे. लोक कागद घेऊन शाळेत यायचे, मी निवृत्त झाल्यावर भिसेगावला घरी यायचे. मी दर कागद तीनदा तपासून सही करायची. मास्तरांना माझी ती न बघण्याची गोष्ट ठाऊक नाही आणि ही सही म्हणजे निव्वळ आदर आहे, अशी माझी समजूत होती. दर सहीला मला आतून टोचायचं. दोन-तीनदा सांगायला म्हणून दुकानात गेले आणि चहा पिऊन आले. एकदा ते स्वतःच म्हणाले, “बाई, तुमी हल्ली लई बारीक बगता.” मी म्हटलं, सवय आहे. ते मान खाली घालून टीप घालत राहिले.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मास्तर गेले, सकाळी, दुकानात, मशीनवरच. सलीमभाई आता गावातच असतो. दुपारच्या आत तो भिसेगावला माझ्या दारात आला, हातात एक पाकीट. मशीनच्या खणात ठेवलेलं, वर लिहिलेलं: ‘बाईंना’. आत पावतीचा कागद होता. मास्तरांचं ते ठसठशीत अक्षर.

‘ऑकलंडहून निघायचा टाइम’ लिहून पुढे जागा मोकळी सोडली होती. त्याखाली: ‘वजा साडेसात. त्यांच्या थंडीत वजा साडेसहा.’ वजा शब्दाखाली दोन्ही ठिकाणी दोन-दोन रेघा. मग अधिक वीस, अधिक चार. मग: ‘असरच्या आत बसली तर थांबावे. नाय बसली तर थांबू नये. हमीदाबीसाठी थांबलो नव्हतो.’

आणि तळाशी, सहीच्या जागेवर: ‘तपासणार: बाई. या खेपेला कागदाकडे बघून.’

एवढी वर्षं त्यांना ठाऊक होतं. त्या गुरुवारी मी कागदाकडे पाहिलंच नव्हतं, चाचीकडे पाहत होते, हे त्यांनी पाहिलं होतं. भर अंगणात सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं, माझं नाव काढलं नाही, नंतरही कधी नाही. वर दर वेळी माझ्याकडे सहीला कागद पाठवत राहिले. सलीमभाई म्हणाला, “बाई, मौलाना थांबलेत. काय सांगू?”

शबानाने पाठवलेली वेळ मी मोकळ्या जागेत भरली. त्यांची थंडी चालू होती, साडेसहा वजा केले. वीस मिळवले, चार मिळवले. डोळे पुसून पुन्हा पहिल्यापासून केलं. तिसऱ्यांदा तिकिटावरच्या वेळेशी ताडून पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चार येत होते आणि असरचा नमाज पाचला. मी सही केली. सलीमभाईला म्हटलं, शबाना असरच्या आत बसते, थांबायला सांग.

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून त्यांच्या अंगणात बसून होते. चौकला गाडी अडल्याचा फोन आला आणि चार वाजून गेले तेव्हा मी कागद काढून पुन्हा मोजायला लागले. पाचला वीस मिनिटं असताना शबाना दारात उतरली. जनाज्याची खाट अजून अंगणातच होती, मास्तर आत होते. ती उंबऱ्याशी येऊन थांबली आणि माझ्या हातातल्या कागदाकडे बघून तिने विचारलं, “बाई, तपासलं कोनी?”

“मीच,” मी म्हटलं. “दोन्ही वेळेला.”

मग तिने माझा हात धरला आणि मला बरोबर घेऊनच आत गेली.